कमिट कोण करतं, तुम्ही की टूल? टर्मिनलवरून डेटा दुरुस्त करतानाचा नेमका क्रम

दसरा झाला की लातूरच्या बाजारात सोयाबीनची आवक वाढते, आणि त्याच दिवसांत मला सगळ्यात जास्त फोन येतात. आडत दुकानं, जिनिंग, पतसंस्था, खता-बियाण्याची दुकानं, सगळीकडचा हिशोब आता डेटाबेसमध्ये असतो. कधी ना कधी कुणाला तरी काळ्या स्क्रीनवर जाऊन हातानं दुरुस्ती करावीच लागते. तक्रारी दोनच प्रकारच्या येतात. "सर, रात्री दर दुरुस्त केला होता, सकाळी बघायलो तर जुनाच." नाहीतर, "सर, सगळ्यांचाच दर बदलला, रोलबॅक मारलं तरी परत येईना."

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. ट्रान्झॅक्शन म्हणजे एकत्रच पक्के किंवा एकत्रच रद्द होणारे बदल; कमिट म्हणजे ते पक्के करणं, रोलबॅक म्हणजे मागे घेणं. एवढं फोन करणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत असतं. आपण बसलोय ते टूल कमिट स्वतःहून करतं की आपल्यावर सोडतं, हे मात्र त्यानं बघितलेलं नसतं. पोस्टग्रेस डेटाबेसच्या पीएसक्यूएल टूलची सवय असलेला माणूस ओरॅकलवर बसतो, ओरॅकलवाला मायएसक्यूएलवर बसतो, आणि हाताला लागलेला क्रम तिथं उलटा पडतो. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. कमांड इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.

उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवतो. आडत दुकानाच्या डेटाबेसमध्ये "पट्टी" नावाचं टेबल आहे. शेतकऱ्याच्या हातात जी पट्टी पडते तिचे कट्टे, वजन, दर, हमाली, तोलाई सगळं त्यात. एका दिवशी ३७ पट्ट्यांवर ४,५३० ऐवजी ४,३५० दर पडला. क्विंटलमागं १८० रुपये शेतकऱ्याला कमी जातायत. हे दुरुस्त करायचंय.

## पायरी १: टूलची सवय ओळखा

डेटाबेसला जोडणी होताच पहिला प्रश्न हाच विचारायचा: मी काहीच न सांगता एक अपडेट चालवलं, तर ते लगेच पक्कं होईल का?

पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचं): हो, लगेच. ऑटोकमिट मुळातच चालू असतं. बिगिन (ट्रान्झॅक्शन सुरू करणारी कमांड) म्हटलं नाही, तर प्रत्येक कमांड संपताक्षणी पक्की.

मायएसक्यूएल क्लायंट: हो, लगेच. स्टार्ट ट्रान्झॅक्शन म्हटलं तरच थांबतं. मारियाडीबीचंही तसंच.

एसक्यूएल प्लस (ओरॅकलचं): नाही. इथं ऑटोकमिट मुळात बंद असतं. पहिलं इन्सर्ट, अपडेट किंवा डिलीट चाललं की ट्रान्झॅक्शन आपोआप सुरू होतं आणि तुम्ही कमिट म्हणेपर्यंत उघडंच राहतं. "शो ऑटोकमिट" लिहून खात्री करता येते.

एसक्यूलाइटचं शेल: हो, लगेच. बिगिन म्हटलं तर थांबतं.

सावधान: पीएसक्यूएलमध्ये ऑटोकमिट बंद करायला "\सेट ऑटोकमिट ऑफ" लिहितात, पण त्यातलं ऑटोकमिट हे नाव सगळं कॅपिटल अक्षरांत लागतं. लहान अक्षरांत लिहिलं तर एरर येत नाही. पीएसक्यूएल त्या नावाचा एक वेगळाच व्हेरिएबल गुपचूप तयार करतं आणि ऑटोकमिट चालूच राहतं. समोरच्याला वाटतं आपण सुरक्षित आहोत. ही चूक मी इतक्यांदा बघितली आहे, की मी आता लोकांना ऑटोकमिट बंद करायला सांगतच नाही. दर वेळी हातानं बिगिन लिहा. शिवाय ऑटोकमिट बंद असताना साधं सिलेक्ट (नुसता डेटा बघायची कमांड) चालवलं तरी ट्रान्झॅक्शन उघडतं आणि तासन् तास तसंच पडून राहतं, हा वेगळाच त्रास.

## पायरी २: बिगिनच्या आधीची तयारी

घाईत हीच पायरी गळते, आणि नंतर उपयोगी पडते तीही हीच.

कागदावर आकडा लिहा. किती रेकॉर्ड बदलायला हवेत? आपल्या उदाहरणात ३७. हा आकडा डेटाबेसला विचारून काढू नका. आधी दुकानातल्या पट्टीबुकावरून मोजा, मग डेटाबेसमधल्या आकड्याशी जुळवा. दोन्ही आकडे एकाच ठिकाणाहून आले तर ते जुळणारच, त्यातून काही कळत नाही.

जुन्या रेकॉर्डची प्रत काढा. "क्रिएट टेबल पट्टी_जुनी अ‍ॅज सिलेक्ट * फ्रॉम पट्टी व्हेअर ..." एवढं पुरतं. पण ही प्रत बिगिनच्या आधी काढायची, आत नाही. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये क्रिएट टेबल ही कमांड स्वतःच कमिट करते. तुम्ही अर्धं काम केलंय आणि आठवलं म्हणून मध्येच प्रत काढायला गेलात, तर ते अर्धं काम तिथंच पक्कं होतं. पोस्टग्रेसमध्ये उलटं होतं. प्रत ट्रान्झॅक्शनच्या आत काढली आणि नंतर रोलबॅक केलं, तर कामाबरोबर प्रतही जाते. दोन्हीकडं उपाय एकच: आधी प्रत, मग बिगिन.

मायएसक्यूएल असेल तर टेबलचं इंजिन, म्हणजे त्याचा डेटा साठवणारी यंत्रणा, बघा. "शो टेबल स्टेटस" मध्ये इंजिनच्या रकान्यात इनोडीबी हवं. ५.५ या आवृत्तीपासून नवीन टेबल आपोआप इनोडीबीत बनतात, पण त्याआधीचा डेटा वर्षानुवर्षं तसाच पुढं नेलेला असतो आणि त्यात मायआयसॅम टेबल निघतात. मायआयसॅमला ट्रान्झॅक्शन कळतच नाही. स्टार्ट ट्रान्झॅक्शन म्हणा, रोलबॅक म्हणा, टूल हो म्हणतं आणि डेटा बदललेलाच राहतो. रोलबॅकनंतर "काही टेबल मागे घेता आले नाहीत" अशा अर्थाची वॉर्निंग येते, तीही बघितली तरच दिसते.

वीज आणि नेट. आपल्याकडं हा खरा प्रश्न आहे. काउंटरचा कॉम्प्युटर यूपीएसवर असतो, राउटर नसतो. सर्व्हर दूर असेल तर आधी एसएसएचनं सर्व्हरवर जा, तिथं टीमक्स किंवा स्क्रीन उघडा आणि त्यात क्लायंट चालवा. मग तुमचं नेट गेलं तरी सेशन सर्व्हरवर जिवंत राहतं, परत येऊन पुढं चालू करता येतं. नेट जाण्यानं नेमकं काय बिघडतं ते पायरी ६ मध्ये सांगतो.

वेळ. सौदे चालू असताना दुरुस्ती करू नका. उघडं ट्रान्झॅक्शन बदललेल्या रेकॉर्डवर कुलूप लावून बसतं. काउंटरवरच्या ऑपरेटरनं त्यातलीच एखादी पट्टी उघडून सेव्ह केली, तर त्याची स्क्रीन गोठते. मायएसक्यूएलमध्ये मुळातल्या सेटिंगनं ५० सेकंद वाट बघून एरर येते. पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये मुळात मर्यादाच नाही, तुम्ही सोडेपर्यंत तो अडकून बसतो. एकदा बिगिन आणि अपडेट करून एक मुलगा जेवायला गेला होता. तेवढ्या वेळात खाली काउंटरसमोर शेतकऱ्यांची रांग लागली आणि सगळे प्रिंटरला दोष देत होते.

तपासा: कागदावर आकडा आहे? प्रत निघाली? काउंटर मोकळा आहे? तिन्हींना हो असेल तरच पुढं जा.

## पायरी ३: ट्रान्झॅक्शन उघडा, आणि ते उघडलंय याची खूण बघा

पीएसक्यूएल आणि एसक्यूलाइटमध्ये "बिगिन;" लिहा, मायएसक्यूएलमध्ये "स्टार्ट ट्रान्झॅक्शन;". एसक्यूएल प्लसमध्ये काही लिहायचं नाही. तिथं बिगिन लिहिलंत तर ते पीएल-एसक्यूएल (ओरॅकलची प्रोग्रामिंगची भाषा) ब्लॉकची सुरुवात समजून पुढच्या ओळींची वाट बघत बसतं.

आता खूण. पीएसक्यूएल या बाबतीत फार उपयोगी आहे. डेटाबेसचं नाव आडत असेल तर एरवीचा प्रॉम्प्ट असा दिसतो:

आडत=>

बिगिन झालं की त्यात तारा येतो:

आडत=*>

ट्रान्झॅक्शनमध्ये एरर झाली की ताऱ्याच्या जागी उद्गारचिन्ह:

आडत=!>

आणि कमांड अर्धवट असेल, म्हणजे शेवटचा अर्धविराम राहिला असेल, तर बरोबरच्या चिन्हाऐवजी आडवी रेघ:

आडत-*>

या चार खुणा पाठ करा. सुपरयूजर म्हणून आत गेलात तर शेवटी बाणाऐवजी हॅश दिसतो, बाकी सगळं तेच.

मायएसक्यूएलच्या प्रॉम्प्टमध्ये अशी खूण नाही. काही जण "सिलेक्ट @@ऑटोकमिट" चालवून बघतात, पण स्टार्ट ट्रान्झॅक्शननंतरही त्याचं उत्तर १ च येतं, म्हणून ट्रान्झॅक्शन उघडंय की नाही हे त्यावरून कळत नाही. तिथं शिस्त हाच उपाय: स्टार्ट ट्रान्झॅक्शन लिहिलं की कागदावर वेळ टिपून ठेवा.

सावधान: मायएसक्यूएलमध्ये "उघडलं होतं की नाही आठवेना, परत एकदा लिहितो" असं कधीही करू नका. दुसरं स्टार्ट ट्रान्झॅक्शन आधीचं काम कमिट करून टाकतं. पोस्टग्रेस अशा वेळी ट्रान्झॅक्शन आधीच चालू असल्याची वॉर्निंग देऊन सोडून देतं.

## पायरी ४: आधी सिलेक्ट, मग तीच अट अपडेटला

अपडेट लिहायला घेऊ नका. आधी हे चालवा:

सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम पट्टी व्हेअर तारीख = '...' अँड दर = ४३५०;

उत्तर ३७ आलं तर कागदाशी जुळलं. ४१ आलं तर थांबा. चार शेतकऱ्यांच्या मालाला सौद्यात खरोखरच ४,३५० दर निघाला असू शकतो, आणि तुम्ही त्यांचा हिशोब बिघडवणार आहात. अशा वेळी रोलबॅक करा, पट्टीबुक घेऊन परत बसा आणि पट्टी क्रमांकांची यादी अटीत घाला.

आकडा जुळला की वरच्या बाणाची कळ दाबून तीच ओळ परत आणा आणि फक्त पुढचा भाग बदला. व्हेअरपासूनचा भाग तसाच राहिला पाहिजे. नव्यानं टाइप करताना व्हेअर राहून जातो, किंवा व्हेअरच्या आधीच अर्धविराम पडतो. सगळ्या टेबलचा दर बदलण्याच्या जितक्या घटना मी बघितल्या, त्यातल्या बहुतेक अशाच घडल्या.

मायएसक्यूएलसाठी एक आधार आहे. क्लायंट सुरू करताना सेफ अपडेट्स हा पर्याय द्या (--सेफ-अपडेट्स, किंवा नुसतं -यू, कॅपिटल). मग व्हेअरमध्ये इंडेक्सचा कॉलम किंवा शेवटी लिमिट नसलेलं अपडेट आणि डिलीट ते चालवतच नाही. एवढं लक्षात ठेवा, की या पर्यायात लिमिट न दिलेल्या सिलेक्टचं उत्तरही १,००० रेकॉर्डवर तुटतं. यादी कमी दिसली म्हणून घाबरून जाऊ नका.

## पायरी ५: अपडेट चालवा आणि परत आलेली ओळ वाचा

अपडेट चाललं की टूल एक ओळ देतं. लोक "ओके" एवढंच बघतात. त्यापुढचा आकडा बघायचा.

पीएसक्यूएल म्हणतं: अपडेट ३७. एसक्यूएल प्लस म्हणतं, ३७ रो अपडेट झाल्या. मायएसक्यूएल दोन आकडे देतं, मॅच झालेले आणि बदललेले. मॅच ३७ आणि बदललेले ३६ आले, तर अटीत ३७ बसल्या, पण एकीत ती किंमत आधीपासूनच होती. आपल्या उदाहरणात अटीतच जुना दर आहे, तेव्हा दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. अटीत पट्टी क्रमांकांची यादी असेल तर फरक पडू शकतो. कुणीतरी आधीच एक पट्टी दुरुस्त केली असेल, ती कोणी केली ते विचारा.

आकडा जुळला तरी अजून कमिट नाही. याच खिडकीत, याच ट्रान्झॅक्शनमध्ये बदललेल्या दोन-तीन पट्ट्या काढून डोळ्यांनी बघा. दरच बदललाय ना, वजन नाही ना? एकूण रक्कम वेगळ्या कॉलममध्ये साठवलेली असेल तर ती जुन्या दरानंच राहिली असेल, तिचंही अपडेट याच ट्रान्झॅक्शनमध्ये घ्या. दर बदलला आणि रक्कम जुनी राहिली, अशी पट्टी शेतकऱ्याच्या हातात पडली तर दुकानावरचा विश्वास जातो.

काही चुकलं असेल तर रोलबॅक आणि पुन्हा पायरी ३. इथपर्यंत काहीच बिघडलेलं नसतं. एक गोष्ट मात्र रोलबॅकनं परत येत नाही: आपोआप वाढणारे क्रमांक. पट्टी क्रमांक सिक्वेन्स किंवा ऑटो इन्क्रिमेंटवर असेल आणि तुम्ही इन्सर्ट करून रोलबॅक केलं, तर तेवढे क्रमांक वाया जातात. ऑडिटला ते समजावून सांगावं लागतं, म्हणून कुठला क्रमांक का गेला हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

सावधान: ट्रान्झॅक्शन उघडं असताना टेबलची रचना बदलणाऱ्या कमांडला हात लावू नका. ऑल्टर, ड्रॉप, ट्रंकेट या ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये आधीचं सगळं कमिट करतात. ओरॅकलमध्ये तर ती कमांड पुढं जाऊन फसली तरी आधीचं काम कमिट झालेलं असू शकतं. पोस्टग्रेसमध्ये या तिन्ही ट्रान्झॅक्शनच्या आत चालतात आणि मागेही घेता येतात. पण तीच सवय घेऊन दुसऱ्या डेटाबेसवर गेलात तर फसाल.

## पायरी ६: मध्येच एरर आली किंवा जोडणी तुटली तर

एररनंतर काय होतं, यात डेटाबेसांमध्ये मोठा फरक आहे.

पोस्टग्रेस कडक आहे. ट्रान्झॅक्शनमध्ये एक कमांड फसली, साधं कॉलमचं नाव चुकलं, तरी सगळं ट्रान्झॅक्शन बाद होतं. प्रॉम्प्टवर उद्गारचिन्ह येतं आणि पुढची प्रत्येक कमांड "हे ट्रान्झॅक्शन बाद झालंय" असं सांगून नाकारली जाते. रोलबॅक करून पहिल्यापासून यावं लागतं. टायपिंगची चूक झाली म्हणून तासाभराचं काम जाऊ नये असं वाटत असेल, तर "\सेट ऑन_एरर_रोलबॅक इंटरॅक्टिव्ह" हे होम फोल्डरमधल्या पीएसक्यूएलआरसी फाइलमध्ये घाला. इथंही व्हेरिएबलचं नाव कॅपिटलमध्येच. मग पीएसक्यूएल प्रत्येक कमांडच्या आधी स्वतः सेव्हपॉइंट (परत येता येईल अशी खूण) ठेवतं आणि फसलेली तेवढीच कमांड मागे घेतं.

ओरॅकल आणि मायएसक्यूएल मुळातच फसलेली कमांड तेवढी मागे घेतात, आधीचं काम ट्रान्झॅक्शनमध्ये शिल्लक राहतं. सोय आहे, पण धोकाही आहे. तीन अपडेटपैकी मधलं फसलं, एरर वर सरकून गेली आणि तुम्ही कमिट केलं, तर पहिलं आणि तिसरं पक्कं होतं. मायएसक्यूएलमध्ये डेडलॉकची (दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांच्या कुलपासाठी अडून बसल्याची) एरर आली तर मात्र अख्खं ट्रान्झॅक्शन मागे गेलेलं असतं. तिथून पुढं चालू ठेवायचं नाही, पहिल्यापासून यायचं.

आता जोडणी तुटण्याबद्दल. हे मी स्वतः भोगलंय. रात्री साडेदहा-अकराची वेळ, गावात लाइट गेलेली, फोनच्या हॉटस्पॉटवरून एका दुकानाच्या मायएसक्यूएल सर्व्हरवर होतो. स्टार्ट ट्रान्झॅक्शन केलं, पहिलं अपडेट केलं, आकडा बरोबर आला. तेवढ्यात टॉवरची रेंज गेली आणि मिनिटभरानं आली. मी दुसरं अपडेट दिलं. स्क्रीनवर "कनेक्शन नाही, पुन्हा जोडतोय" अशी इंग्रजी ओळ आली, त्याखाली नवा कनेक्शन आयडी, आणि त्याखाली ओके. त्या दोन ओळी मी वाचल्याच नाहीत. मग दुसऱ्या अपडेटमध्ये चूक दिसली म्हणून रोलबॅक दिलं. उत्तर आलं ओके, शून्य रो. चूक तशीच.

झालं असं होतं: जोडणी तुटताच सर्व्हरनं पहिलं अपडेट मागे घेतलं. क्लायंटनं आपणहून नवी जोडणी केली. नव्या जोडणीत ट्रान्झॅक्शन उघडलेलंच नव्हतं, ऑटोकमिट चालू होतं, त्यामुळं दुसरं अपडेट चालताक्षणी पक्कं झालं. हवं होतं ते गेलं आणि नको होतं ते राहिलं. पायरी २ मधली प्रत होती म्हणून तासाभरात निस्तरलं.

त्या रात्रीपासून मायएसक्यूएल क्लायंट मी "--स्किप-रीकनेक्ट" देऊनच उघडतो. मग जोडणी तुटली की एरर येते आणि काम तिथंच थांबतं. पीएसक्यूएलही तुटलेली जोडणी स्वतः जोडून घेतं, पण प्रॉम्प्टवरचा तारा गेलेला दिसतो. तारा नाही म्हणजे ट्रान्झॅक्शन नाही, परत पायरी ३.

## पायरी ७: कमिट, आणि कमिटचं उत्तर

कमिट लिहिताना अर्धविराम विसरू नका. पीएसक्यूएलमध्ये नुसतं कमिट लिहून एंटर दाबलं तर प्रॉम्प्ट आडवी रेघ दाखवून वाट बघत राहतो. स्क्रीनवर कमिट हा शब्द दिसतो, मन भरतं, लॅपटॉप बंद होतो. सकाळी जुनाच दर. सुरुवातीला सांगितलेला पहिल्या प्रकारचा फोन अनेकदा इथून येतो.

अर्धविराम दिला तरी परत आलेला शब्द वाचा. पोस्टग्रेसमध्ये बाद झालेल्या ट्रान्झॅक्शनवर कमिट दिलं, तर ते एरर दाखवत नाही. उत्तर म्हणून "रोलबॅक" हा शब्द येतो. तुम्ही लिहिलं कमिट आणि खाली आलं रोलबॅक, म्हणजे काहीच साठलेलं नाही.

कमिट दिलं, आणि उत्तर यायच्या आत नेट गेलं तर? मग कमिट झालंही असेल, नसेलही. अंदाज बांधून अपडेट पुन्हा चालवू नका. "दर = दर + १८०" असं अपडेट असेल तर ते दोनदा लागू होईल. नव्यानं जोडणी करा, सिलेक्ट करून बघा, मगच ठरवा. अपडेट लिहितानाच नवी किंमत थेट द्यावी आणि अटीत जुनी किंमत ठेवावी, असा माझा आग्रह त्यासाठीच आहे. ते दोनदा चाललं तरी दुसऱ्यांदा शून्य रेकॉर्ड बदलतात.

## पायरी ८: दुसऱ्या खिडकीतून बघा

ज्या खिडकीत काम केलं तिथं कमिट न झालेलंही दिसतं, म्हणून तिची साक्ष धरायची नाही. दुसरं टर्मिनल उघडा, नव्यानं जोडणी करा आणि सिलेक्ट चालवा. तिथं नवा दर दिसला की काम पक्कं.

दुसऱ्या खिडकीत जुनंच दिसत असेल आणि डेटाबेस मायएसक्यूएल असेल, तर घाबरण्याआधी एक बघा. त्या खिडकीत आधीपासून ट्रान्झॅक्शन उघडं आहे का? इनोडीबी मुळात रिपीटेबल रीडवर चालतं, म्हणजे ट्रान्झॅक्शनमधल्या पहिल्या सिलेक्टच्या वेळचं चित्रच शेवटपर्यंत दाखवतं. त्या खिडकीत कमिट करा आणि पुन्हा सिलेक्ट करा. पोस्टग्रेस आणि ओरॅकल मुळात रीड कमिटेडवर असतात, तिथं ही अडचण सहसा येत नाही.

## पायरी ९: बाहेर पडा

ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बाहेर पडलात तर:

पीएसक्यूएल, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट काम मागे घेतात, तेही न विचारता.

एसक्यूएल प्लसमध्ये एक्झिट किंवा क्विट लिहिलं तर काम कमिट होतं. डिसकनेक्ट केलं किंवा कनेक्ट लिहून दुसऱ्या यूजरनं आत गेलात, तरी कमिट. प्रोसेस मारली गेली किंवा जोडणीच तुटली, तर मात्र रोलबॅक.

म्हणजे ओरॅकलवर चूक लक्षात आल्यावर "जाऊ दे, बाहेरच पडतो" म्हणून एक्झिट लिहिणं, ही चूक पक्की करण्याची रीत आहे. तिथं "रोलबॅक;" लिहा, मग बाहेर पडा, किंवा "एक्झिट रोलबॅक" लिहा. रोजच ओरॅकलवर बसत असाल तर "सेट एक्झिटकमिट ऑफ" लॉगिनच्या स्क्रिप्टमध्येच घालून ठेवा. मी मात्र सगळीकडं एकच सवय लावून घ्यायला सांगतो: बाहेर पडण्याच्या आधीची ओळ कमिट किंवा रोलबॅक यांपैकीच एक असली पाहिजे, टूल कुठलंही असो.

## हेच काम फाइलमधून चालवताना

दोन-तीनपेक्षा जास्त कमांड असतील तर फाइल बरी, पण तिथं प्रत्येक टूल एररला वेगळं वागतं.

पीएसक्यूएल: -एफ नं फाइल चालवली तर मुळात एरर आली तरी पुढं जात राहतं, आणि प्रत्येक कमांड वेगळी कमिट होते. "-१" (सिंगल ट्रान्झॅक्शन) आणि "-व्ही ऑन_एरर_स्टॉप=१" दोन्ही द्या. तसंच फाइलच्या आत बिगिन-कमिट ठेवू नका, नाहीतर -१ चा अर्थच उरत नाही. शिवाय -एक्स द्या, म्हणजे कुणाच्या पीएसक्यूएलआरसीतली सेटिंग मध्ये येणार नाही. -सी मध्ये एकाच अवतरणात दिलेल्या अनेक कमांड एकत्र एका ट्रान्झॅक्शनमध्ये जातात, पण वेगवेगळे -सी दिले तर प्रत्येक वेगळी.

मायएसक्यूएल: फाइल बाहेरून "<" नं दिली तर पहिल्या एररला थांबतं. फाइलच्या सुरुवातीला स्टार्ट ट्रान्झॅक्शन आणि शेवटी कमिट असेल, तर थांबताच जोडणी संपते आणि सगळं मागे जातं. पण तीच फाइल क्लायंटच्या आत जाऊन "सोर्स" नं चालवली, तर एररवरून पुढं जात जात शेवटच्या कमिटपर्यंत पोचतं आणि अर्धवट काम पक्कं होतं. म्हणून फाइल नेहमी बाहेरून द्या, आणि --फोर्स कधीही देऊ नका.

एसक्यूएल प्लस: फाइलच्या पहिल्या ओळीत "व्हेनेव्हर एसक्यूएलएरर एक्झिट फेल्युअर रोलबॅक" हवंच. नसेल तर एरर ओलांडून पुढं जातं आणि शेवटचं एक्झिट अर्धं काम कमिट करतं. या ओळीतला शेवटचा रोलबॅक शब्द गाळला तर एरर आल्यावर बाहेर पडतानाही कमिटच होतं. आणखी एक जुनी खोड: इन्सर्टच्या शेवटी अर्धविराम आणि पुढच्या ओळीवर तिरकी रेघ, दोन्ही असतील तर ते इन्सर्ट दोनदा चालतं. एकाच शेतकऱ्याच्या नावे दोन पट्ट्या दिसल्या की मी आधी स्क्रिप्टमधली तिरकी रेघ शोधतो. ती फक्त पीएल-एसक्यूएल ब्लॉकनंतर हवी.

एसक्यूलाइट: फाइलच्या सुरुवातीला ".बेल ऑन", मग बिगिन, शेवटी कमिट.

## चुकीचं कमिट झालंच तर

रोलबॅकचा आता उपयोग नाही, ते मारत बसू नका. पहिलं काम, काउंटरवर सांगून त्या टेबलवरच्या नोंदी थांबवा. चुकीच्या दरावर नवीन पट्ट्या निघत राहिल्या की दुरुस्ती अवघड होत जाते. दुसरं, चूक किती वाजता झाली ते मिनिटापर्यंत लिहून ठेवा.

पायरी २ मधली प्रत असेल तर तिच्यातून पट्टी क्रमांक जुळवून जुनी किंमत परत भरा. हेही बिगिनपासूनच, सगळ्या पायऱ्यांसह. प्रत नसेल आणि ओरॅकल असेल तर लगेच "अ‍ॅज ऑफ टाइमस्टॅम्प" लावून चुकीच्या आधीच्या वेळचं सिलेक्ट चालवून बघा. अंडूमधली (ओरॅकल जुन्या किमती काही काळ ठेवतं त्या जागेतली) माहिती पुसली जायच्या आत केलं तर जुने रेकॉर्ड मिळतात, म्हणून तिथं चहालाही थांबू नका. मायएसक्यूएलमध्ये बायनरी लॉग (झालेल्या बदलांची सर्व्हरची नोंदवही) चालू आणि रो फॉरमॅटमध्ये असेल तर त्यात जुन्या किमती सापडू शकतात. पोस्टग्रेसमध्ये मागचा बॅकअप दुसऱ्या नावाच्या डेटाबेसमध्ये उतरवा आणि तिथून तेवढेच रेकॉर्ड आणा. चालू डेटाबेसवर बॅकअप उतरवू नका, नाहीतर बॅकअपनंतर दिवसभरात निघालेल्या पट्ट्याही जातील.

आणि चुकीच्या दरानं छापलेली पट्टी एखाद्या शेतकऱ्याच्या हातात गेली असेल, तर त्याचा पट्टी क्रमांक काढून दुकानदाराला त्याच दिवशी द्या, तो शेतकरी अजून बाजारातच असेल.